चिखलातले दर्यावर्दी

इंग्लंडमध्ये घरात टीव्ही बघायचा तर लायसन लागतं. नदीत गळ टाकून बसायचं तर लायसन लागतं. पण स्वतःची शिडाची होडी घेऊन समुद्रात शिरायचं असेल, तर कुणी काहीही विचारत नाही. परीक्षा नाही, परवाना नाही, ‘मागच्या वर्षीची पावती आणा’ नाही. ही बातमी मी हर्णैला मामाला फोनवर सांगितली. पलीकडे जरा वेळ आवाज नाही. मग मामा म्हणाला, “म्हणजे बुडलास तरी चालतं त्यांना?”

तसं चालत नाही. बुडणाऱ्यांना बाहेर काढायला इथे १८२४ सालापासून एक संस्था आहे. ती लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिच्या बोटींतून वादळात जाणारे बहुतेक जण बिनपगारी स्वयंसेवक असतात. म्हणजे बुडणारे हौशी आणि वाचवणारेही हौशी. एकूण मामला घरगुती.

मी राहतो एसेक्समध्ये, चेम्सफर्डला. तिथून गाडीने अर्ध्या तासावर माल्डन नावाचं गाव आहे आणि गावाला लागून ब्लॅकवॉटर नावाची खाडी. भरतीच्या वेळी ही खाडी इतकी देखणी दिसते की माणूस होडी घेतो. ओहोटीला ती कशी दिसते, हे होडी घेतल्यावर कळतं.

मी घेतली ती ‘मिरर’. या होडीचं मूळ एका वर्तमानपत्रात आहे. १९६३ साली ‘डेली मिरर’ने सामान्य वाचकाला परवडेल अशी होडी काढली. टीव्हीवर लोकांना घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे नामांकित आराखडेकार जॅक हॉल्ट या दोघांनी ती बेतली. प्लायवूडचे कापलेले तुकडे घरी यायचे, ते तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची, की झाली होडी. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. अशा सुमारे सत्तर हजार होड्या लोकांनी बांधल्या. आपल्याकडची वर्तमानपत्रं वाचकाला फार तर वार्षिक भविष्याची पुरवणी देतात, आणि तीही वाचकाला शिवावी लागत नाही.

माझी मिरर एका आजोबांच्या गॅरेजमध्ये, लॉन कापायच्या यंत्राखाली पडलेली होती. लांबी अकरा फुटांना जरा कमी, शिडं लाल, दोन माणसं बसली की भरली. त्याहून मोठी घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून ती घेतली. पण ही गोष्ट मी पुढे कुणाला सांगू शकलो नाही, कारण कबिल्यात गेल्यावर कळलं की मी तत्त्वनिष्ठ आहे.

कबिला म्हणजे लहान शिडाच्या होड्यांतून खाड्याखाड्यांनी भटकणारी माणसं. क्लब नाही. क्लब म्हटला की समिती आली, समिती आली की तिचा अध्यक्ष आला, आणि अध्यक्ष आला की त्याच्यासाठी गाडी उभी करायची राखीव जागा आली, हे त्यांना ठाऊक आहे. दहा-पंधरा टाळकी, उन्हाळाभर भरती-ओहोटी बघून ठरलेल्या शनिवारी माल्डनशेजारच्या हेब्रिजच्या रॅम्पवर जमतात. त्यात एक निवृत्त दंतवैद्य आहे, एक रेल्वेच्या सिग्नलखात्यातला आहे, एक पियानोंना सूर लावणारा आहे आणि भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आहेत. प्रत्येक सहलीची नोंद एका वहीत करायचा मान या बाईंकडे. शिवाय एक गृहस्थ आहेत, ते कधी बोलत नाहीत. ते कॅनूला शीड लावून येतात.

पहिल्या दिवशी दंतवैद्याने मला विचारलं, “किती फूट?”

असल्या प्रश्नाला आपण मराठी माणसं ज्या सुरात ‘वन बीएचके’ म्हणतो, त्या सुरात मी म्हणालो, “अकरा.”

गर्दीत जरा हालचाल झाली. पियानोवाल्याने टोपी मागे सारली. “अकरा,” तो सिग्नलवाल्याला म्हणाला. “उघडी?” सिग्नलवाल्याने विचारलं. “उघडी,” मी म्हणालो. मला चहा मिळाला, आणि बसायला बादली मिळाली, जी तिथली खुर्ची आहे.

त्या दुपारी मला तिथली वर्णव्यवस्था समजली. ती आपल्या ओळखीच्या सगळ्या व्यवस्थांच्या उलट आहे. चाळीस फुटी नौका मरिनामध्ये बांधून वीकेंडला तिच्यावर वाइन पिणारे लोक या उतरंडीत सर्वांत खाली. त्यांच्याविषयी कुणी वाईट बोलत नाही, दुःखाने बोलतात. एकोणीस फुटी, केबिन असलेली होडी असेल तर ‘त्याच्याकडे केबिन आहे’ हे वाक्य घरातल्या एखाद्याने पळून जाऊन लग्न केल्याच्या आवाजात म्हटलं जातं. सोळा फुटी, छपराविना होडी म्हणजे इभ्रतदार घराणं. अकरा फुटी दिसली की नमस्कार. आणि कॅनूवाल्याशी तर कुणाला स्पर्धाच करता येत नाही, म्हणून त्याला बोलायची गरज पडत नाही.

या पंथाला संत आहेत. थोरले संत फ्रँक डाय. हे १९६३ साली स्कॉटलंडहून एका साथीदाराला घेऊन आइसलंडला गेले. १९६४ साली नॉर्वेला गेले. होडी ‘वेफेरर’ जातीची, जेमतेम सोळा फूट, वर छप्पर नाही. नॉर्वेच्या वाटेवर असं वादळ लागलं की डोलकाठी मोडली आणि होडी पुन्हा पुन्हा उलटली. दरवेळी दोघांनी ती सरळ केली, आत चढले, पाणी उपसलं आणि नॉर्वेला पोचले. त्यांची ‘वाँडरर’ नावाची होडी आज फाल्मथच्या सागरी संग्रहालयात आहे. कबिल्यातले लोक तिथे जातात आणि तिच्यात निजायला किती जागा होती हे डोळ्यांनी मोजून येतात. स्थानिक दैवत चार्ल्स स्टॉक. याच ब्लॅकवॉटरमध्ये त्यांची ‘शोल वॉटर्स’ असायची. साडेसोळा फूट, आणि इंजिन नाही. इंजिन नव्हतं, हे सांगताना दंतवैद्याचा आवाज भरून येतो. त्याच्या डोळ्यांत पाणीही येतं, पण इथे वाऱ्यामुळे सगळ्यांच्याच डोळ्यांत येतं.

हे ऐकून माझ्यातला महाराष्ट्र जागा झाला. मी म्हटलं, आमच्यातही एक आहे. दिलीप दोंदे. तेव्हा नौदलात कमांडर. २००९ साली मुंबईहून निघाले आणि २०१० साली एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वी फिरून परत आले. असं करणारे पहिले भारतीय. होडी गोव्यात बांधलेली, ‘म्हादेई’.

“किती फूट?” सिग्नलवाल्याने विचारलं.

“छप्पन्न.”

सगळ्यांनी सहानुभूतीने मान हलवली. “छप्पन्न,” पियानोवाला हळूच म्हणाला. “एकटा माणूस. झाडायलाच किती वेळ जात असेल.”

एकदा हे ध्यानात आलं की इथे मोठेपणा गैरसोयीवर मोजतात, की मग बाकीचा व्यवहार सोपा होतो. रात्री पाऊस आला, तर पाऊस आला हे सांगायचं नसतं. तो मानेवरून आत कुठपर्यंत गेला हे सांगायचं असतं. जेवण गरम असेल तर ते चवीला वाईट हवं. दोन्ही बरं जमलं, तर त्या माणसाकडे केबिन असल्याचा संशय येतो. बादलीचा विषय मी फार वाढवत नाही. प्रत्येक होडीत दोन बादल्या असतात, एक लाल आणि एक निळी, एवढंच सांगतो. आणि नवीन माणसाला चहाआधी कुठली कशासाठी हे नीट सांगितलं जातं. मी पहिल्या दिवशी बसलो होतो ती निळी. हे मी नंतर विचारून घेतलं.

आता प्रत्यक्ष जलप्रवास. सगळी तयारी झाली, शिडं चढली, वारा मिळाला, की माझी होडी तीन-चार नॉटने जाते. ब्लॅकवॉटरच्या काठाने मातीचा लांबलचक बांध आहे आणि त्यावरून पायवाट आहे. वारा बरा असला तर बांधावरून कुत्रा फिरवणाऱ्या बाईंच्या बरोबरीने आपण चालतो. वारा पडला की त्या पुढे जातात. एकदा एक कुत्रं आमच्याकडे बराच वेळ बघत थांबलं आणि मग कंटाळून पळालं. माझी बायको होडीत येत नाही. ती थर्मास घेऊन हेब्रिजहून बांधावरून चालत निघते आणि गोल्डहँगरला आमच्याआधी पोचते. तिथे गावात पब आहे. आम्ही खाडीच्या वळणावर दिसेपर्यंत तिचे चिप्स संपलेले असतात. “छान चालली होती रे होडी,” ती म्हणते. “मी परत वळून बघितलं, तर तिथेच.”

निघण्याआधी मात्र हवामान. बीबीसीच्या रेडिओवर समुद्राचं हवामान सांगतात. ब्रिटिश बेटांभोवतीच्या पाण्याचे ३१ विभाग केलेले आहेत, आणि सगळ्यांचा हिशेब साडेतीनशेच्या आसपास शब्दांत बसवायचा असा दंडक आहे. व्हायकिंग, डॉगर, जर्मन बाइट, हंबर, थेम्स. थेम्स आमचा. वाचणाऱ्या बाई असल्या शांत आवाजात वाचतात की आइसलंडजवळ वादळ सुटलंय हे ऐकताना पेंग येते. ज्यांनी जन्मात होडी पाहिली नाही असे कितीतरी इंग्रज हे रात्री झोप लागावी म्हणून ऐकतात. कबिला हे ऐकतो, वर तीन-चार अ‍ॅप बघतो, शेवटी बोट ओलं करून हवेत धरतो आणि वाऱ्याचा आकडा ठरवतो. हे आकडे फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली लावले, शून्य ते बारा. त्यांतले आम्हाला दोनच आकडे उपयोगी. दोनच्या खाली होडी हलत नाही आणि चारच्या वर आम्ही हलत नाही. ज्या शनिवारी वारा तीन असतो त्या शनिवारी कुणाच्या तरी भाचीचं लग्न असतं.

या सगळ्यात माझा भाव वधारला तो भरतीच्या गणितामुळे. इंग्रजांकडे भरती-ओहोटीचं जाडजूड पुस्तक असतं आणि त्यावर ‘बाराव्या हिश्शाचा नियम’ असतो. पाणी चढायला साधारण सहा तास घेतं. पहिल्या तासात एकूण चढापैकी एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. पियानोवाला हे पेन्सिलीने वहीत मांडत होता. मी सहज म्हणालो की आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. अमावास्या म्हणजे पंधरा, तिचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून सव्वाअकराला भरती भरली. अष्टमीला सहाला. झालं. पुस्तक नाही, पेन्सिल नाही, भिंतीवर कालनिर्णय हवं. हा हिशेब कोकणपट्टीचा, इथल्या खाडीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. पण हे वाक्य ऐकायला कुणी थांबलंच नाही. भूगोलाच्या बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि त्या दिवसापासून मी ‘पिढीजात’ झालो.

पिढीजात माणूससुद्धा चिखलात रुततो. इथे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. नियमाप्रमाणे तिसऱ्या आणि चौथ्या तासात अर्धं पाणी निघून जातं, आणि नेमका तोच आमचा जेवणाचा वेळ असतो. सँडविच तोंडाशी नेताना खाली पाणी असतं, घास गिळेपर्यंत चिखल. मग भरती परत येईपर्यंत सगळ्या होड्या जागच्या जागी. उतरायची सोय नाही, कारण माणूस गुडघ्यापर्यंत जातो आणि बूट तिथेच राहतो. माल्डनला या चिखलात दरवर्षी लोक हौसेने धावण्याची शर्यत लावतात, यावरून इथल्या एकूण समजुतीची कल्पना यावी. बाहेरच्याला वाटेल हा अपघात. नाही, हा कार्यक्रम असतो. कबिल्यातली खरी मैफल चिखलातच रंगते. होडीहोडीतून ओरडून बोलायचं असल्यामुळे सगळ्यांचे आवाज चढलेले असतात आणि कुणीही उठून जाऊ शकत नसल्यामुळे वाद पूर्ण होतात.

वादाचा विषय बहुतकरून नांगर. त्यात तीन पक्ष आहेत. एक पक्ष जुन्या ‘सीक्यूआर’चा, फाळासारख्या नांगराचा. तो १९३३ साली जेफ्री टेलर नावाच्या केंब्रिजच्या थोर पदार्थशास्त्रज्ञाने शोधला, आणि तोही समुद्रात उतरणाऱ्या विमानांसाठी. दुसरा पक्ष ‘ब्रूस’चा, त्याचं मूळ तेलविहिरींच्या तराफ्यांना धरून ठेवण्याच्या कामात. तिसरा न्यूझीलंडहून आलेल्या नव्या नांगराचा. एका पक्षाचा माणूस दुसऱ्या पक्षाच्या माणसाजवळ रात्री होडी लावत नाही. ही चर्चा तीन-तीन तास चालते आणि ती करताना प्रत्येकाची होडी चिखलात अशी घट्ट बसलेली असते की तिला नांगरच काय, खुंटीसुद्धा लागू नये. मी एकदा मामाचं मत फोनवर विचारलं. मामा म्हणाला, “ज्याचा दोर लांब त्याचा नांगर चांगला.” हे मी त्यांना सांगितलं नाही. तीस वर्षांची मैत्री मोडली असती.

चिखलात बसल्याबसल्या इतिहासही होतो. समोर नॉर्दी बेट दिसतं. ९९१ साली तिथे व्हायकिंग उतरले होते. बेटाहून किनाऱ्यावर यायला एकच वाट, ती भरतीला पाण्याखाली जाते, ओहोटीला उघडी पडते. इंग्रजांचा सरदार बिर्थनॉथ वाट अडवून उभा. व्हायकिंग म्हणाले, असं अडवून लढण्यात काय मजा, आम्हाला नीट पलीकडे येऊ द्या. आणि याने येऊ दिलं. लढाई हरले, सरदार पडला. माल्डनला त्याचा पुतळा आहे. ज्याच्या मुलखात गनिमी कावा झाला तो माणूस हे ऐकून बसल्या जागी अस्वस्थ होतो. मी विचारलं, असं का केलं त्याने? सिग्नलवाला म्हणाला, “ओहोटी होती ना. नाहीतरी काय करायचं सहा तास?” पलीकडे ओसी बेट. ते १९०३ साली चॅरिंग्टन नावाच्या गृहस्थाने दारूड्यांना सुधारण्यासाठी विकत घेतलं. चॅरिंग्टन घराणं बिअर गाळणाऱ्यांचं. गिऱ्हाईक शेवटपर्यंत सांभाळणं याला म्हणतात.

आमच्या मराठी मित्रमंडळींना मात्र यातलं काही पटलेलं नाही. ‘बोट घेतली’ एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. एका रविवारी चार कुटुंबं आली. पांढऱ्या पँटी, गॉगल, बायकांच्या हातात उन्हाच्या टोप्या, कुणी ढोकळा आणलेला. मी होडी दाखवली. सगळे तिच्या पलीकडे बघत राहिले. “ही नेऊन सोडणारी का?” एकाने विचारलं. “मोठी कुठे लावलीय?” हीच ती, म्हटल्यावर एक वहिनी पटकन म्हणाल्या, “पण रंग छान आहे.” ढोकळा आम्ही गाडीत बसून खाल्ला.

आणि मग मामा आला.

मामा पंचाहत्तरीचा. लहानपणी हर्णैहून मुंबईला लाकूडफाटा घेऊन जाणाऱ्या शिडाच्या मचव्यावर बापाबरोबर काम केलेला. जून महिन्यात तो आमच्याकडे राहायला आला. त्याला याच दिवसांत यायचं होतं, कारण पावसाळ्यात हर्णैच्या होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्याला गावात करमत नाही. शिडाच्या मचव्यावर वाढलेला माणूस येतोय, ही बातमी कबिल्यात पसरली. दंतवैद्याने होडीला तेल लावलं. भूगोलाच्या बाईंनी नवी वही आणली. त्या शनिवारी हेब्रिजला एरवी न येणारी माणसंही आली. मामा गाडीतून उतरला तो कानटोपी, स्वेटर, त्यावर माझं जॅकेट आणि पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज. सगळ्यांनी टोप्या काढल्या. मामाने आणखी घट्ट केली.

त्याला निळ्या बादलीवर बसवलं आणि प्रश्न सुरू झाले. दुभाषा मी.

बाईंनी विचारलं, ते मोठं तिरकं शीड वारा बदलला की दुसऱ्या अंगाला कसं नेत असत?

“परबाण म्हणजे शिडाचा वासा, तो उभा करायचा आणि डोलकाठीला वळसा घालून पलीकडे न्यायचा. चार-पाच माणसं लागायची,” मामा म्हणाला. “एकाचं तरी बोट चेंगरायचं.” त्याने डाव्या हाताची करंगळी दाखवली. करंगळी एका जागी चपटी आहे. ती पियानोवाल्याने जवळ येऊन पाहिली, मग सिग्नलवाल्याने पाहिली. कॅनूवाला लांबूनच वाकला. फाल्मथच्या संग्रहालयातही त्यांनी एवढं जवळून काही पाहिलं नसेल.

आणि वारा पडला तर?

“वल्हवायचं. नाहीतर बसायचं. एकदा श्रीवर्धनसमोर दोन दिवस बसलो. प्यायचं पाणी संपलं. बाप रडकुंडीला आला होता.”

मी भाषांतर केलं. “दोन दिवस,” दंतवैद्य स्वतःशी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला असूया म्हणतात.

मग बाईंनी पेन सरसावून तो प्रश्न विचारला, ज्यासाठी सगळे आले होते. पुढे त्या मचव्यांना इंजिनं बसली. शीड गेलं. तेव्हा तुम्हा लोकांना काय वाटलं?

मामाने माझ्याकडे बघितलं. “काय वाटणार? इंजिन बसलं त्या दिवशी बापाने गावभर पेढे वाटले. आईने सत्यनारायण घातला. सांग त्यांना.”

मी थोडं आडवळणाने सांगायचा प्रयत्न केला. पण पेढे म्हणजे काय हे समजावताना सगळं बाहेर आलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

मामा तेवढ्यात उठला होता. त्याला इतक्या आदराची सवय नाही. तो होड्या बघत हिंडला, एकेक गाठ ओढून पाहिली, मान हलवली. दंतवैद्याच्या होडीशी आला आणि मागच्या बाजूची ताडपत्री त्याने उचलली. दंतवैद्य “नो, नो” म्हणत धावला, पण उशीर झाला होता. ताडपत्रीखाली चार हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन होतं.

कुणी काही बोललं नाही. ज्या गृहस्थाचा इंजिन नसण्याबद्दल आवाज भरून येतो, त्याच्याकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं. “केवळ आणीबाणीसाठी,” दंतवैद्य म्हणाला. “दोन वर्षं सुरूही केलेलं नाही. होत नाही ते.”

एवढं मामाला इंग्रजी समजतं. “होत नाही म्हणजे?” त्याने कानटोपी वर केली, स्वेटरच्या बाह्या सारल्या आणि इंजिनाचं झाकण काढलं. आल्यापासून पहिल्यांदाच तो माणसात आल्यासारखा दिसला. “जुनं पेट्रोल ठेवलंय मेल्याने. कार्बोरेटर चिकटला असणार. पाना विचार. आणि जुना टूथब्रश.” पाना कुणाकडे होता कोण जाणे, पण टूथब्रश दंतवैद्याने खिशातून काढला, नवा. मामाने तो उलटसुलट पाहून परत दिला. “जुना म्हणावं.” जुनाही निघाला.

अर्धा-पाऊण तास मामा खाली मान घालून होता. बारीक तारेने जेट साफ केला, प्लग काढून शर्टाच्या टोकाला पुसला, फुंकला, परत बसवला. मग दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला ते इंजिन असं फुर्र करून उठलं की बांधावरची बदकं उडाली. दंतवैद्याने दोन्ही हातांनी मामाचा काळा झालेला हात धरला.

पियानोवाला जरा वेळ पाण्याकडे बघत उभा होता. मग तो काही न बोलता आपल्या गाडीमागे गेला आणि घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला. त्याच्यामागे सिग्नलवाला गेला. त्याचं ट्रेलरमध्ये होतं, पिंपाखाली. दुपारपर्यंत रॅम्पवर रांग लागली. जे त्या दिवशी फक्त करंगळी बघायला आले होते, तेही घरी जाऊन इंजिनं घेऊन आले. मी दुभाष्याचं काम सोडून पेट्रोल गाळत होतो. माझ्या बायकोने मामाला बशीत चहा ओतून दिला, आणि तो कसा प्यायचा हे बघायला आणखी चार माणसं जमली. शेवटी कॅनूवाला पुढे आला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. चांगला खर्जातला आहे. त्याने विचारलं, कॅनूला बसेल असं बारकं, बॅटरीवरचं काही असतं का?

वारा त्या दिवशी नेमका तीन होता. पण ओहोटी लागली आणि कुणी कुठे गेलंच नाही.

भूगोलाच्या बाईंकडे खरोखरच इंजिन नाही. त्या संध्याकाळपर्यंत आपल्या होडीत पाठ करून बसल्या होत्या आणि वही पुरी केल्याशिवाय उठल्या नाहीत. त्या दिवसाची नोंद मी वाचली आहे: ‘हेब्रिज. वारा नैऋत्य, तीन. हवा उत्तम. भारतातून आलेल्या ज्येष्ठ दर्यावर्द्यांनी पारंपरिक नौकानयनावर सविस्तर मार्गदर्शन केलं. सर्व होड्या शिडावर.’

मामा परत गेल्यावर मी त्याला ती फोनवर मराठीत वाचून दाखवली. त्याने ऐकून घेतली. मग म्हणाला, “आणि त्या दातवाल्याला प्लग बदलायला सांगितला होता, ते लिहिलं का?”